रिपोर्ट चांगला आल्यानंतर

मेरी एलिझाबेथ विल्यम्स ही न्यूयॉर्कची पत्रकार, दोन मुलींची आई. २०१० मध्ये तिला मेलानोमाचं निदान झालं, पुढच्या वर्षी तो चौथ्या स्टेजला गेला. इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये औषध सुरू झालं आणि काही महिन्यांतच स्कॅन स्वच्छ आला. तिचं 'अ सिरीज ऑफ कॅटॅस्ट्रॉफीज अँड मिरॅकल्स' (२०१६) मला आवडलं, ते तिथेच थांबत नाही म्हणून. तिची जिवलग मैत्रीण कॅन्सरनेच जाते. स्वतः वाचल्याचा आनंद त्या दुःखाला झाकून टाकत नाही.

आम्ही प्रोग्रामर लोक बग सुटला की तिकीट बंद करतो. आईचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा मीही तेच केलं, दुसऱ्या दिवशी पुण्याची बस पकडली. बाबा मात्र तिच्या साध्या खोकल्यानेही अजून दचकून उठतात. आई त्यावरून चिडते, मग दोघांचं वाजतं.

म्हणूनच पुस्तकात नवरा मला कमी पडला. आत्मकथन आहे, तो तिच्याच नजरेतून दिसणार, हे मान्य. तरी वाचताना त्याला विचारावंसं वाटत राहिलं: तू रात्रभर सलग झोपायला कधी लागलास?