४०९० न्यूटन हा आकडा वाचायचा कसा?

एसीएल रिकन्स्ट्रक्शनवरचे रिव्ह्यू पेपर वाचायला घेतलेत की एक तक्ता तुम्हाला हमखास भेटेल. वरच्या ओळीत गुडघ्यातलं मूळ लिगामेंट, तुटायला लागणारा भार २१६० न्यूटन. खाली मांडीमागच्या टेंडनचा चारपदरी ग्राफ्ट, ४०९० न्यूटन. म्हणजे जवळजवळ दुप्पट! मग असे ग्राफ्ट सैल का पडतात, तुटतात का?

आधी आकडे आले कुठून ते बघा. २१६० हा वू आणि सहकाऱ्यांच्या १९९१ च्या पेपरातला, २२ ते ३५ वयाच्या दात्यांच्या गुडघ्यांचा. त्याच पेपरात ६० ते ९७ वयोगटासाठी ६५८ आहे. तो तक्त्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय त्यांनी मांडीचं हाड, लिगामेंट आणि नडगीचं हाड असं अख्खं जोडलेलं ओढलं होतं. ४०९० हा हॅमनर आणि सहकाऱ्यांचा, १९९९ चा. तिथे नुसते टेंडन क्लॅम्पमध्ये धरलेत. हाडात ग्राफ्ट पकडून ठेवणारा स्क्रू किंवा बटण हिशेबातच नाही. एकाच रकान्यात दोन वेगळ्या वस्तू!

हॅमनर यांचा पेपर मात्र मला मनापासून आवडतो, कारण त्यातली खरी गोष्ट ४०९० नाहीच. प्रत्येक पदराला वजन टांगून सारखा ताण दिला तेव्हा ४०९० मिळाले. तेच चार पदर हाताने ताणले तर सरासरी २८३१. सारख्या ताणलेल्या सेमिटेंडिनोससच्या दोनच पदरांना २३३० मिळाले होते, आणि या दोहोंतला फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता. कपाट चौघांनी धरलं आणि दोघांनी नुसता हात लावला, तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. जो पदर जास्त ताठ तो आधी भार घेतो, आधी तुटतो, मग उरलेल्यांवर पाळी. पेपरच्या शीर्षकातच ताण देण्याच्या पद्धतींचा उल्लेख आहे, तरी उद्धृत करताना नेमकी तीच अट गळते. ऑपरेशन थिएटरमध्ये तर ताण बहुतेक वेळा हातानेच दिला जातो.

स्टिफनेसचंही तसंच. सारख्या ताणलेल्या चारपदरी ग्राफ्टचा ७७६ न्यूटन प्रति मिलिमीटर, मूळ लिगामेंट-हाड जोडणीचा २४२. पण ग्राफ्ट आणि फिक्सेशन या एकापाठोपाठ जोडलेल्या स्प्रिंगा आहेत (बारावीचं फिजिक्स, दुसरं काही नाही). समजा फिक्सेशनचा स्टिफनेस १०० आहे, तर दोन्ही मिळून साधारण ८९. वर ७७६ असो की १५००, फारसा फरक पडत नाही. कमजोर कडी दुसरीकडेच आहे.

आणि हे सगळं शून्याव्या दिवसाचं. बसवलेल्या टेंडनचा रक्तपुरवठा तुटतो, पेशी मरतात, मग नव्या येतात. अमिएल आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये सशांवर हा बदल दाखवला आणि त्याला ‘लिगामेंटायझेशन’ म्हटलं. या काळात ग्राफ्ट आधी कमजोर होतो, आणि नेमकं तेव्हाच पेशंटला बरं वाटायला लागलेलं असतं. खेळायला कधी सोडायचं, हे ४०९० कडे बघून ठरवता येत नाही.

तुमच्या थिसिसमध्ये असा तक्ता करणार असाल तर न्यूटनच्या शेजारी आणखी तीन रकाने आखा: दात्याचं वय, काय ओढलं आणि ताण कसा दिला. बऱ्याच ओळींत ते भरायला मूळ पेपर उघडावा लागेल.