पाच डॉलरचं गाणं

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात, सेंट पीटर रस्त्यावर प्रिझर्वेशन हॉल आहे. १९६१ साली सुरू झाला. हॉल कसला, जुनाट खोली. बसायला बाकडी, नाहीतर खाली फरशी. दारू नाही, माईक नाही. काळे म्हातारे वादक तिथं जुनं जॅझ वाजवायचे. आणि तिथं फर्माइशीच्या दराची एक पाटी होती. पारंपरिक गाणं एक डॉलर, दुसरं कुठलंही दोन डॉलर, आणि 'सेंट्स' पाच डॉलर.

दोस्तांनो, मी लिहायला बसलोय तो या पाटीमुळं. समीक्षक मंडळी आधी घराणं बघतात. गिरणीत राबणारा आधी भाव बघतो.

'सेंट्स' म्हणजे 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन'. काळ्यांच्या चर्चमधलं भजन. पण न्यू ऑर्लिन्समध्ये ते मयतीत मिसळलेलं. तिथल्या काळ्या वस्त्यांनी वर्गणी काढून स्वतःच्या मंडळ्या उभ्या केल्या होत्या. आजारपण, औषधपाणी, मयतमाती सगळं मंडळी बघायची, बँडही तीच आणायची. कबरस्तानाकडं जाताना बँड संथ, जड चालीत, ड्रमचा आवाज दाबून ठेवलेला. माणूस मातीत गेला की ड्रम मोकळा व्हायचा आणि परतीच्या वाटेवर मागनं अख्खी वस्ती नाचत निघायची. 'सेंट्स' हे त्या परतीचं गाणं. १९३८ साली लुई आर्मस्ट्राँगनं ते रेकॉर्ड केलं आणि ते जगभर गेलं. गेलं ते अर्धंच. मयत मागं राहिली, नाच पुढं गेला. मग जो तो पाहुणा हॉलमध्ये येऊन तेवढंच मागायला लागला. वाजवणारे वैतागले. म्हणून पाच.

हे गाणं कसं वाजतं ते ऐकायचं तर स्वीट एमा बॅरेटच्या बँडचं १९६४ सालचं रेकॉर्डिंग ऐका. मिनियापोलिसच्या गथ्री थिएटरात, लोकांसमोर वाजवलेलं. पियानोवर एमा, साठी उलटलेली. पायाला घंट्या बांधून वाजवणारी बाई. बेसवर 'स्लो ड्रॅग' पाव्हाजो, पंच्याहत्तरी ओलांडलेला. पर्सी हम्फ्री ट्रम्पेटवर चाल सरळ धरतो. त्याचा भाऊ विली क्लॅरिनेट घेऊन चालीच्या वरनं फिरतो. जिम रॉबिन्सनचा ट्रॉम्बोन खालनं गाडा रेटतो. खाली बँजो आणि ड्रम, ठोक्याला पक्के. तिघं एकाच वेळी आपापलं बोलतात आणि कुणी कुणाचं तोंड दाबत नाही. मला यातलं मोठेपण इथं दिसतं. हजारदा वाजवून झिजलेली चाल आहे, पण साच्यावर उभा असलेल्याला माहीत असतं, रोजचं तेच सूत असलं तरी हात झोपून चालत नाही. ह्यांचे हात झोपलेले नाहीत.

आता आपल्यातली पोरं म्हणतील, हे गोऱ्यांपुढं दात काढून वाजवणारे म्हातारे, यांचं काय कौतुक? आर्मस्ट्राँगलाही त्याच्याच तरुणांनी हेच ऐकवलं. पण १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत काळ्या पोरांना अडवलं, तेव्हा याच हसऱ्या माणसानं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला जाहीर सुनावलं आणि सरकारी रशिया दौरा धुडकावला. दात मोजून माणूस कळत नसतो. १९७२ साली आपण ब्लॅक पँथरवरनं दलित पँथर हे नाव घेतलं. नाव घेतलं, पण त्यांच्या बापजाद्यांचं वाजवणं कुठं ऐकलं?

ऐकायला पाहिजे, कारण प्रश्न आपल्या दारातला आहे. हलगी. गावात लग्न त्यांचं, देव त्यांचा, वाजवणारा मात्र आपला. लांब उभं राहून वाजवायचं आणि मिळेल ती भाकर घ्यायची. ते सोडलं ते बरोबरच सोडलं. पण बलुतं आणि मजुरी यात फरक आहे. बलुत्याला दर नसतो, बलुतेदाराला पाटी लावता येत नाही. हॉलमधली ती पाटी म्हणजे वादकानं उलटून सांगितलेला भाव. तुला माझी मयत नाच म्हणून हवीय ना? मग पाच टाक.

हॉलबद्दल माझं वाकडं एकच आहे, त्याचं नाव. प्रिझर्वेशन म्हणजे जतन. चालवणारे ॲलन आणि सँड्रा जॅफी हे गोरं जोडपं. काम त्यांनी चांगलं केलं. काळ्यागोऱ्यांना एकत्र बसू न देणाऱ्या शहरात एका छपराखाली बसवलं, विसरलेल्या वादकांना काम दिलं. जॉर्ज लुईससारखा क्लॅरिनेटवाला एके काळी गोदीत हमाली करायचा, त्यानंही तिथं वाजवलं. पण जतन लोणच्याचं करतात, जित्या माणसाचं नाही. आपल्याकडंही लोककला महोत्सव भरतात तेव्हा हलगीला स्टेज मिळतं, हलगीवाल्याला हार मिळतो, आणि वस्तीतलं गटार होतं तिथंच असतं. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर मंडळ्यांच्या मिरवणुका आजही रविवारी निघतात. तिथं जतनाची भाषा लागत नाही, तिथं फक्त चालायचं असतं.

एमाला १९६७ साली पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. १९८३ साली वारली, तोवर उजव्या हातानं वाजवत राहिली.

तिचं ते रेकॉर्डिंग पुढच्या बैठकीला आणतो. भाषणाआधी ऐकू. हलगीवाल्या पोरांनाही बोलवा, आणि त्यांच्या येण्याजाण्याचं भाडं आधी काढून ठेवा.