जिंपचे मजकूर-साधन आणि आपल्या लिपी

प्रतिमा-संपादनाच्या पाठांत मजकूर-साधन बहुधा दोन ओळींत उरकतात: फॉन्ट निवडा, आकार द्या, रंग भरा. इंग्रजीपुरते ते चालते. पण समजा, तुम्ही बेंगळुरूत शिकता आणि कॉलेजातल्या मराठी नाटकाचे पोस्टर तुमच्याकडे आले आहे. वर कन्नड, मध्ये मराठी, खाली इंग्रजी. मग या पर्यायांकडे जरा संशयाने पाहावे लागते. येथे उदाहरण जिंपचे घेतले आहे, कारण ते मोफत आहे आणि कोणालाही उतरवून घेता येते.

सर्वांत घातक पर्याय अक्षर-अंतराचा. इंग्रजी शीर्षक भारदस्त दिसावे म्हणून अक्षरे विरळ करतात. देवनागरीत तोच आकडा वाढवला की शिरोरेषा तुटते, आणि 'नाटक' या शब्दाचे ना, ट, क असे तीन तुकडे होतात. रेषा लांबवून फट भरण्याची सोय या साधनात नाही. आकडा मात्र असा निरागसपणे समोर ठेवलेला असतो की जणू तो सर्व लिपींना सारखाच लागू आहे. मराठी शीर्षक मोठे हवे असेल तर जाड किंवा रुंद फॉन्ट घ्या. अंतर शून्यच राहू द्या.

कन्नडला सलग शिरोरेषा नाही, म्हणून थोडे अंतर तिला सोसते. तिची अडचण ओळ-अंतराची आहे. 'कन्नड' हा शब्दच त्या लिपीत लिहिला तर दुसरा न पहिल्याच्या खाली जातो. ओळी जवळ आणल्या की ही खाली लोंबणारी जोडाक्षरे पुढच्या ओळीतल्या मराठी वेलांट्यांवर आणि रफारांवर आदळतात.

आकाराचा आकडाही फसवा आहे. तो फॉन्टच्या चौकटीचा असतो, दिसणाऱ्या अक्षराचा नसतो. कर्नाटकाने 2024 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नामफलकांवर 60 टक्के कन्नड बंधनकारक केले. पाटी करणाऱ्याने कन्नडला 60 आणि इंग्रजीला 40 आकार दिला तर हिशेब जुळला असे वाटेल. पण अक्षराची उंची आणि रुंदी दोन्ही वाढतात. अक्षरसंख्या आणि घडण सारखी धरली तर जागेचे प्रमाण 3600 ला 1600, म्हणजे कन्नड सुमारे 69 टक्के होते. प्रत्यक्षात दोन लिपींची घडण सारखी नसते, तेव्हा पडद्यावर मोजूनच ठरवावे.

आता भाषेचा पर्याय. आपल्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा, पण ठेवला आहे तळाशी, आणि बहुतेक जण तिथवर पोहोचतच नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या 2022 च्या निर्णयात ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त लिहायला सांगितले आहे. काही फॉन्टांत ही मराठी रूपे हिंदी रूपांसोबत असतात, आणि भाषा मराठी निवडली तरच ती पुढे येतात. फॉन्टमध्ये ती नसतील तर पर्याय बदलूनही काही घडणार नाही. फॉन्टच बदलावा लागेल.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत तर आधी दक्षिण आशियाई मजकुराची सोय वेगळी चालू करावी लागे. ती बंद असली की जोडाक्षरे सुटी पडत आणि वेलांटी चुकीच्या जागी जाई.

काम सुरू करण्यापूर्वी 'शक्ती', 'वऱ्हाड', 'कीर्ती', 'लिपी' हे चार शब्द टंकून पाहा. जोडाक्षर, अर्धा ऱ, रफार, पहिली वेलांटी आणि ल-श या सर्वांची तपासणी त्यात होते.