काचेच्या पेटीपुढची व्याख्याने

विद्यापीठांच्या कलासंग्रहालयांत होणारी जाहीर व्याख्याने आणि चर्चासत्रे हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारील. कथा-कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते; मग व्याख्यानाची का होऊ नये? वस्तू मुकी असते. तिच्याविषयी कोण बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो आणि कोणाला वगळून बोलतो, यावर तिचा अर्थ ठरतो. म्हणून या बोलण्याची झडती घेणे आम्हास गरजेचे वाटते.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातली माणसे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आजही व्याख्यानासाठी बाहेरच्या मोठ्या शहराकडे बघतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सातआठ जण पहाटेच्या एसटीने अशाच एका विद्यापीठाच्या संग्रहालयात गेलो होतो. त्याचे नाव येथे घेत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नाही. विषय होता दखनची कला. आमच्यात एक निवृत्त उर्दू शिक्षक होते, एक शिंपीकाम करणारा मित्र होता, मोडी शिकणारा एक तरुण होता.

वक्ते अभ्यासू होते, यात शंका नाही. पडद्यावरची चित्रे सुंदर होती. पण तासभर जे ऐकले त्यात दोन शब्द पुन्हा पुन्हा आले : 'इस्लामी शैली' आणि 'दरबारी कला'. बिदरी सुरईचे चित्र आले. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर कोरून बसवलेली चांदीची तार आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांनी आणलेला तो गडद काळा रंग. यातले काही सांगितले गेले नाही. कोणत्या सुलतानाच्या काळात, एवढेच सांगितले. ओतणारा, कोरणारा, तार ठोकणारा असे वेगवेगळे हात एका भांड्याला लागतात. ते हात 'दरबारी' या शब्दाखाली गाडले गेले. शेजारी बसलेला शिंपी मित्र हळूच म्हणाला, "भाई, बनानेवाला कौन था, ये तो बोलेच नहीं." आमच्या मते त्या दिवसाची खरी समीक्षा याच वाक्यात झाली.

प्रश्नांसाठी पाच मिनिटे होती. ती आभारप्रदर्शनात गेली.

नंतर आम्ही दालनात फिरलो. एका काचेच्या पेटीत सनद होती. खाली चिठ्ठी : 'जुनी सनद, फारसी'. शिक्षक चष्मा पुसून वाकले. अक्षर घसटीचे, सगळे लागेना. पण 'इनाम' लागले, 'मौजे' लागले आणि पुढे एका गावाचे नाव लागले. तेवढ्यात मोडीवाला तरुण म्हणाला, "सर, खाली मोडी आहे. इथेही तेच गाव आहे." दखनच्या सुलतानांच्या राज्यात वर फारसी आणि खाली मोडीतली मराठी, असे दुभाषी कागद निघत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने मात्र निम्मा कागद पाहिलाच नव्हता. शिक्षकाला मोडी येत नव्हती, तरुणाला फारसी येत नव्हती. दोघे शेजारी उभे राहिले तेव्हा कागद बोलू लागला. व्याख्यान झाले ते तिथे, आणि ते ऐकायला वक्ते नव्हते.

ते शिक्षक आज हयात नाहीत. घसटी फारसी वाचणारा दुसरा माणूस आमच्या ओळखीत उरलेला नाही. कोणते ज्ञान श्रोत्यांत बसले आहे हे संग्रहालयाने विचारले नाही, तर ते विचारण्याची वेळ निघून जाते. या विषयात पणाला लागलेली गोष्ट ही आहे.

विद्यापीठाने कलासंग्रहालय चालवावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष संग्रहालय १९३७ सालचे. वर्गात शिकवलेली कला डोळ्यांनी पाहता यावी आणि गावोगावचे अवशेष विद्यापीठात यावेत, हा अशा संग्रहालयाचा हेतू. पण वस्तू गावातून विद्यापीठात येते आणि बोलणे विद्यापीठातून गावात जात नाही, असा हा एकेरी रस्ता झाला आहे.

आता थोडे आपल्या घराकडे बघू. आमच्या समाजातही दोष आहे. "मूर्ती-चित्रांशी आपला काय संबंध?" असे म्हणून आपण मुलांना संग्रहालयात नेत नाही. दुसऱ्या बाजूने कोणी म्हणतो, "यात तुमचे काय आहे?" दोन्हीकडून एकच उत्तर मिळालेले मूल दाराबाहेर उभे राहते.

अशा मुलाला आम्ही दोन नावे सांगू. लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांच्या चमूत नंदलाल बोस, असित हालदार होते आणि हैदराबादेतून गेलेले सय्यद अहमदही होते. बाकीचे परतले, सय्यद अहमद पुढे निजाम सरकारच्या सेवेत अजिंठ्याच्या प्रतिकृती करीत राहिले. दुसरे नाव गुलाम यझदानी. १९१४ साली हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते सुरू झाले, त्याचे हे संचालक. अरबी-फारसी शिलालेखांचा हा जाणकार बुद्धाच्या जातककथांची चित्रे भिंतीभिंतीवरून वाचत गेला आणि अजिंठ्यावरचे त्यांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले. बिदरच्या वास्तूंवरही त्यांनीच लिहिले. बौद्ध लेणे आणि बहमनी मदरसा एकाच माणसाने सारख्याच आस्थेने वाचला. त्या काळी आमचे हिंगोलीही त्याच संस्थानात होते. हा वारसा 'त्यांचा' की 'आपला', या भांडणाला याहून चांगले उत्तर आम्हास ठाऊक नाही.

मात्र यझदानींनाही सूट नको. त्यांचे ते जाडजूड इंग्रजी ग्रंथ ज्या रयतेच्या साऱ्यावर खाते चालले, तिच्या हाती येणारे नव्हते. विद्वत्ता होती, पण तिचा दरवाजा उंच होता. आजची चर्चासत्रे त्याच उंच दरवाजाची परंपरा चालवतात, यझदानींची मेहनत मात्र घेत नाहीत.

मग काय व्हावे? आमच्या अपेक्षा लहान आहेत. व्याख्यान मराठीत व्हावे आणि दखनीत विचारलेल्या प्रश्नाला हसू नये. निम्मा वेळ श्रोत्यांचा असावा. वस्तूखालच्या चिठ्ठीत राजाबरोबर कारागिरीचीही नोंद असावी. फारसी आणि मोडी वाचणाऱ्यांना एका टेबलाशी बसवावे. आणि वर्षातून एकदा तरी संग्रहालयाने आमच्याकडे यावे. औंढा नागनाथाच्या मंदिराच्या पायथ्याशी कोरलेल्या हत्तींच्या रांगेपुढे उभे राहून बोलावे, कळमनुरी-वसमतच्या एखाद्या उर्दू शाळेत चित्रे दाखवावीत. नांदेडचे विद्यापीठ १९९४ पासून आहे, आमचा जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. अंतर फार नाही.

तो मोडीवाला तरुण आता शिक्षक झाला आहे. त्याने सनदेच्या खालच्या ओळी त्याच दिवशी वहीत उतरवून घेतल्या होत्या. वरच्या फारसी ओळींची जागा त्या वहीत अजून कोरी आहे.