पगडी आणि हौद

डेक्कन जिमखाना आणि संभाजी उद्यान या मेट्रो स्थानकांच्या छपरांना मावळ्यांच्या पगडीचा घाट दिलेला आहे. नदीपात्राच्या रस्त्याने जाताना मान आपोआप वर होते, फोटोही काढले जातात. पुण्याला ओळख देण्याची आजची रीत ही अशी: इतिहासातली एखादी खूण उचलायची, तिला अवाढव्य करायची आणि इमारतीच्या डोक्यावर ठेवायची.

शेजारचा लकडी पूल मात्र दगडी आहे. पेशवाईतला लाकडी पूल जाऊन कैक पिढ्या लोटल्या, कागदोपत्री त्याचा संभाजी पूल झाला, तरी पुणेकरांच्या तोंडी तो लकडीच राहिला. 1923चा शिवाजी पूल शंभरी ओलांडूनही ‘नवा पूल’च आहे. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर ही नावं तर देवांनाही सुटका नसल्याचा पुरावा. ठिकाण वापरात मुरलं की पुणेकर त्याचं बारसं स्वतः करतो. शहररचनेच्या कलेला लावायची माझी कसोटी हीच आहे.

जुनं पुणं तिला उतरतं, कारण त्याचा चेहरा गरजेतून घडला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आलं. नळात हवा खेळावी म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले. पाणी हौदांत पडलं, हौदाभोवती माणसं जमली आणि पेठांना मध्यबिंदू मिळाले. वाड्याचंही तसंच. बाहेरून बंद भिंत आणि दिंडी दरवाजा, आत चौक, ओसरी, सोपा. ऊन, पाऊस आणि एकत्र कुटुंब या तिन्हींचा हिशेब त्या मांडणीत होता. (त्या चौकात कुणाला कुठवर प्रवेश होता, हे विसरून वाड्यांचे गोडवे गाऊ नयेत.)

परक्या घाटाची इमारतही इथली होऊ शकते, याचा दाखला म्हणजे मंडई. 1886 साली ती रे मार्केट म्हणून उघडली: अष्टकोनी मांडणी, मधोमध मनोरा, शैली सरळ युरोपीय. तिच्यावरच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता; पुढे तिला नाव त्यांचंच मिळालं. तिला पुणेरी केलं ते भाजीच्या गाळ्यांनी आणि गणेशोत्सवाने.

12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठचे वाडे वाहून गेले आणि शहर वेगाने बाहेर पसरलं. उरलेल्या वाड्यांना पुढे गोठलेली भाडी, भावकीचे वाद आणि वाढीव एफएसआयचा मोह यांनी पोखरलं. त्या जागी आलेल्या इमारतींत चौकाची जागा पार्किंगने घेतली.

अपवाद आहेत. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात काळ्या पाषाणाच्या भिंती आणि मधोमध कुंड योजलं. मंदिराच्या पुष्करिणीची आठवण तिथे होते, पण नक्कल कुठेही नाही. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमिनी विकून न टाकता एकत्र येऊन नगर वसवलं. वास्तुकला बेताची असली, तरी नगराच्या नावातल्या ‘मगर’ या आडनावाशी नातं तुटलं नाही. बाकी बाणेर-खराडीच्या काचेच्या इमारती उचलून गुरुग्रामला ठेवल्या, तर दोन्ही शहरांना पत्ता लागणार नाही.

आता पाळी नदीची. मुळा-मुठेच्या 44 किलोमीटरच्या काठांचं सुशोभीकरण चालू आहे. ओंकारेश्वराचा घाट, पात्रातले खडक, बंडगार्डनची झाडी या काठाच्या तीन निरनिराळ्या बोली आहेत. सगळीकडे एकच बांध, एकच फरशी, एकच दिवा आला, तर काठ देखणा होईल आणि मुका होईल.

माझ्या मते पगडीचं छप्पर वाईट नाही, ते आळशी आहे. स्थानकाखाली पावसात उभं राहायला ओसरी, बसायला कट्टा आणि रस्ता ओलांडायला सोपी वाट असेल, तर लोक त्याला आपलं नाव देतील. नसेल, तर ते फोटोपुरतं उरेल. महापालिकेने आणि वास्तुरचनाकारांनी आराखडा मंजूर करण्याआधी एकदा पेठांतून पायी फिरून यावं. फडके हौद चौकात आज कुणी पाणी भरत नाही. रिक्षावाल्याला मात्र तेवढा पत्ता पुरतो.