झाडू तसाच, दुसऱ्या हातात रायफल

चित्रकलेतलं मला फार कळत नाही. कळणार कुठून? आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो नि एक कॅलेंडर, एवढीच आमची आर्ट गॅलरी. पण बेटी सार या काळ्या अमेरिकन बाईच्या एका कलाकृतीचा फोटो पाहिला आणि ती डोक्यातून जाईना. नाव ‘आंट जेमायमाची मुक्ती’. साल 1972. त्याच साली इकडं मुंबईत, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, दलित पँथर उभी राहिली.

वस्तू केवढी? जेमतेम फूटभर उंचीची उथळ पेटी. आत एक बाहुली : दात काढून हसणारी काळी मोलकरीण. गोऱ्यांच्या स्वैपाकघरात टिपणवही अडकवायला असल्या बाहुल्या विकत मिळायच्या. मागं भिंतभर पॅनकेकच्या पिठाच्या पुड्यावरची तीच हसरी बाई, पुन्हा पुन्हा. पायाशी कापूस. पोटाशी, वहीच्या जागी, रडकं पोर घेतलेल्या दाईचं जुनं चित्र, आणि त्याच्यापुढं उगारलेली काळी मूठ. बाहुलीच्या एका हातात झाडू होताच. सारबाईनं दुसऱ्या हातात रायफल दिली.

कापूस पाहून माझी बोटं हुळहुळली. माय वेचणीला जायची, मीही मागं मागं. बोंडाची टोकं बोटं ओरबाडतात. लोक त्याला पांढरं सोनं म्हणतात! तिकडं हेच सोनं गुलामांनी वेचलं. निसर्ग नुसता निसर्ग नसतो, त्यात कुणाची तरी बोटं फाटलेली असतात. या पेटीतला कापूस तेवढं सांगतो.

आता आंट जेमायमा कोण? गोऱ्यांनी रचलेलं पुराण. गुलामी गेली तरी बाई मालकाच्या चुलीपाशी खुशीत आहे, असं सांगणारं. 1889 मध्ये पिठाला हे नाव दिलं. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन या गुलामीत जन्मलेल्या बाईला तेच सोंग देऊन उभं केलं. आपल्याकडं असलं पुराण नाही काय? एकलव्य आहे की! अंगठा कापून दिला नि वर गुरूला नमस्कार. त्यांना एकलव्य आवडतो तो नेमबाजीसाठी नव्हे, त्या नमस्कारासाठी.

एक गोष्ट मात्र मला खटकली. रायफल दिली, मग झाडू का नाही काढून घेतला? घाणीच्या कामाला पवित्र म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी 1945 च्या पुस्तकात झोडपून काढलं, ते आपण विसरायचं? बरेच दिवस मी या बाईवर मनातून रागावलो होतो. मग उमगलं. झाडू काढला असता तर ती कुणीही बंदूकवाली झाली असती. झाडू आहे म्हणून रायफल कुणाच्या विरोधात उचललीय ते कळतं. जगण्यातून झाडू गेलाच पाहिजे. कलेतून इतक्यात नको.

पण यात धोका आहे. शत्रूनं काढलेलं चित्र आपण वापरायचं आणि त्याच्या हातात नवं काही द्यायचं नाही, तर ती शिवीच पुन्हा छापली जाते. म्हणूनच काळ्यांची असली हिणकस चित्रं वापरणाऱ्या कारा वॉकर या तरुण काळ्या कलावतीला याच सारबाईनं 1997 मध्ये पत्रं धाडून विरोध केला. त्या भांडणात कोण बरोबर, यावर आपणही भांडू. पण प्रश्न आपल्याला लागू आहे. आपल्या कवितांत शंबूक येतो, एकलव्य येतो, गावानं दिलेली शिवी येते. येतात आणि रक्त दाखवून जातात. वाचणारा पांढरपेशा हळहळतो, चहा पितो.

2020 मध्ये कंपनीनं जेमायमाला निवृत्त करायचं ठरवलं, 2021 मध्ये पिठाचं नाव बदललं. पेटीनंतर 49 वर्षांनी! आपण एवढं थांबायचं नाही. पुढच्या अंकाला कविता पाठवताना एवढंच तपासा : तुमचा एकलव्य अजून वाकलेला आहे काय? असेल तर पाठवू नका. आधी त्याला ताठ करा.