झिंक ऑक्साइड उरले होते का?

वीज वाहून नेणाऱ्या बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) धातूच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळले की नॅनोसंमिश्र तयार होते. वाहक बहुवारिकांच्या शोधाबद्दल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अशा संमिश्रांवरील शोधनिबंधांना पूरच आला. त्यांतील एका नेहमीच्या दाव्याची तपासणी आम्ही येथे करीत आहोत.

पॉलिअ‍ॅनिलिन बनवण्याची प्रचलित कृती सोपी आहे. अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोरिक आम्लात घ्यायचे व अमोनियम परसल्फेटने त्याचे ऑक्सिडीकरण करायचे. हिरवे, वाहक बहुवारिक मिळते. अनेक निबंधांत याच आम्लात झिंक ऑक्साइडची पूड घातलेली असते. शेवटी निष्कर्ष येतो : ‘ऑक्साइडमुळे वाहकता बदलली, हा दोन घटकांचा एकत्रित परिणाम होय.’

परंतु झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते, हे शाळेतला विद्यार्थीही सांगेल. झिंक क्लोराइड आणि पाणी तयार होते. हिशेब करून पाहा : एक मोलर आम्लाचे १०० मिलिलिटर सुमारे ४ ग्रॅम झिंक ऑक्साइड संपवू शकतात. घातलेली पूड पुष्कळदा याहून कमीच असते. मग गाळून, धुऊन हाती आलेल्या पदार्थात ऑक्साइड उरले कोठे?

येथे दुसरी अडचण उभी राहते. पॉलिअ‍ॅनिलिनची वाहकता त्याला जोडलेल्या आम्लावर अवलंबून असते. आम्ल काढून घेतले की हिरवा रंग निळा होतो आणि वाहकता कित्येक कोटी पटींनी घटते. अमोनिया वायू ओळखण्यासाठी याच गुणाचा उपयोग होतो. झिंक ऑक्साइडने आम्ल खाल्ले, तर रोध वाढेलच. पण ते श्रेय संमिश्राच्या रचनेचे नव्हे, आम्ल कमी झाल्याचे असेल. बहुवारिक आधी बनवून ऑक्साइड नंतर मिसळले, तरी ही शंका पुरती फिटत नाही.

सर्वच संमिश्रांवर आमचा हा आक्षेप नाही. टायटॅनियम डायऑक्साइड सौम्य आम्लात टिकते. शिवाय पॉलिअ‍ॅनिलिन पी-प्रकारचे आणि हे ऑक्साइड एन-प्रकारचे अर्धवाहक असल्याने, दोहोंच्या सीमेवर खरोखरच नवा गुणधर्म निर्माण होऊ शकतो. मात्र तो सिद्ध करावा लागतो. क्ष-किरण विवर्तनात ऑक्साइडच्या रेषा दिसल्या पाहिजेत. तितकेच आम्ल असलेल्या, पण ऑक्साइड नसलेल्या बहुवारिकाशी तुलना झाली पाहिजे. या दोन गोष्टी नसतील, तर ‘एकत्रित परिणाम’ हे शब्द स्पष्टीकरणाची जागा अडवतात, स्पष्टीकरण देत नाहीत.

शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. संशोधनाची पारख करण्यासाठी नेहमीच महागडी उपकरणे लागत नाहीत. आम्ल आणि आम्लारी यांचा धडा नीट समजलेला असला, तरी नेमका प्रश्न विचारता येतो.